घंटागाडीची साडी

यापुढे गाऊनवर ओढणी टाकून घंटागाडीकडे धावायचं नाही, असं विभावरीने ठरवलं. सकाळी इस्त्रीची साडी, मोत्याच्या कुड्या, लिपस्टिक अशा थाटात ती कचऱ्याची बादली घेऊन खाली उतरली. सोसायटीतल्या बायका बघतच राहिल्या. ती दिवसभर हवेत होती.

संध्याकाळी मात्र जुना गाऊन चढवून, डोक्याला तेल थापून ती मेथी निवडत बसली, तोच बेल वाजली. दारात त्याच बायका, भरजरी साड्यांत.

"सकाळी तुम्हाला नटलेलं बघितलं, तेव्हाच ओळखलं, आज तुमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू," शेजारच्या कर्णिककाकू म्हणाल्या. "बोलवायला विसरलात, पण आपल्यात कसला मानपान."

विभावरीने नवऱ्याला तिळगूळ आणायला पिटाळलं. मग गाऊनवर ओढणी टाकली आणि हसून म्हणाली, "या ना. तुमचीच वाट बघत होते."