अर्ध्या तासाची बॅटरी

सशानं बिळातून डोकं बाहेर काढलं आणि पडदा काळा झाला.

केयूर त्या काळ्या पडद्यात स्वतःचंच तोंड बघत बसला. चार्जर लावलेला होता, बटण चालू होतं, तरी लॅपटॉपनं मान टाकली होती. त्यानं घाईघाईनं फोनवरून पुन्हा कॉल जोडला, पण तोवर तिकडे नाशिकला क्षिप्रानं टॅब मिटला होता. आज अकरा मिनिटं झाली. उरलेली एकोणीस बुडाली ती बुडालीच.

केयूर आणि श्रुतीच्या घटस्फोटाला दीड वर्ष झालं होतं. आठ वर्षांची क्षिप्रा आईजवळ राहायची. कोर्टात सह्या केलेल्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, दर रविवारी पाच ते साडेपाच वडिलांशी व्हिडिओ कॉल. भेट फक्त सुट्ट्यांत. त्या अर्ध्या तासात केयूर लॅपटॉपवर चित्रांचं पुस्तक उघडायचा आणि ससा, अस्वल, भांडखोर कावळीण, सगळ्यांचे आवाज काढून वाचायचा. फोनच्या इवल्याशा पडद्यावर ती चित्रं मावत नसत. उलव्यातल्या त्याच्या शेजाऱ्यांची तर समजूत झाली होती की या एकट्या माणसाकडे रविवारी पाहुण्यांचा राबता असतो.

केयूर रबाळ्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला होता. तिथली शिस्त अशी, की बिघाड आधी वहीत लिहायचा, मग हत्याराला हात लावायचा. त्यानं घरीही वही घातली. बावीस मिनिटांनी बंद. मग सतरा, चौदा, आज अकरा. त्यानं चार्जर बदलून पाहिला, सॉकेट बदललं, आतली धूळ झटकली. शंभर टनी प्रेस ज्याच्यापुढे मुकाट चालायचे, त्याला हे दीड किलोचं यंत्र दाद देईना. शेवटी त्यानं हात टेकले आणि वाशीतलं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान गाठलं.

दुकानातल्या मिथुननं लॅपटॉप टेबलावर ठेवला, तर तो डुगडुगायला लागला.

"पोट बघा साहेब, बॅटरी फुगलीय," मिथुन म्हणाला. "सेल गेला ना की ती चार्जरला पन खाली ओढते."

"बॅटरी काढून चालवला तर?"

"हा मॉडेल बॅटरीशिवाय चालूच होत नाय. ओरिजनल मागवतो. तोपर्यंत दहा मिनिटांच्या वर चालवू नका, गरम होईल."

ओरिजनल बॅटरी काही येईना. आधी ती गोदामात अडकली, मग चुकीची आली, मग बरोबर आली पण मेलेली निघाली. एकेका फोनवर मिथुन "या आठवड्यात पक्का" म्हणायचा आणि केयूर "बरं" म्हणायचा. दुसरं काय म्हणणार? दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस आपल्याच यंत्रासाठी देव पाण्यात घालून बसला होता.

क्षिप्राला त्यानं सांगून टाकलं, "बाबाची बॅटरी आजारी आहे गं. काही दिवस आपण दहाच मिनिटं वाचू."

"चालेल," ती म्हणाली. तिनं हट्ट केला नाही, रडली नाही. केयूरला तिच्या समजूतदारपणाचं फार कौतुक वाटलं.

असे नऊ रविवार गेले. दहाव्याच्या दोन दिवस आधी नवी बॅटरी बसली. केयूरनं शनिवारभर लॅपटॉप नुसता चालू ठेवून पाहिला. पाच तास वीस मिनिटं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं मिथुनला फोन करून दोनदा थँक्यू म्हटलं. मग त्यानं पुरता अर्धा तास लागेल असं पुस्तक शोधलं आणि त्यातल्या म्हाताऱ्या वाघाचा आवाज आरशासमोर बसवला.

रविवारी त्यानं क्षिप्राला काहीच सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं. दहा मिनिटं झाली, वाघ नदीपाशी आला. बारा झाली. केयूर रंगात आला होता. क्षिप्रा मात्र खुर्चीत चुळबुळ करत होती. तिची नजर एकसारखी खिडकीकडे जात होती. तिनं बूट आधीच घातले होते.

सोळाव्या मिनिटाला ती हळूच म्हणाली, "बाबा, तुझी बॅटरी अजून नाही संपली?"

"का गं?"

"सव्वापाचला आमची बॅडमिंटनची मॅच असते. दर रविवारी. तुझी बॅटरी तोपर्यंत जाते ना, म्हणून मीच ती वेळ लावलीय. सगळे खाली थांबलेत."

पोरीचं काही चुकलं नव्हतं. वीस मिनिटं मोकळी आहेत असं तिला त्यानंच सांगितलं होतं, आणि तिनं ती भरून टाकली होती. कोर्टाचा कागद दाखवून ती मिनिटं परत मागता आली असती. पण क्षिप्रा अवघडून, बाबाला वाईट वाटू नये म्हणून, खुर्चीच्या टोकावर बसून राहिली होती.

पडद्याच्या कोपऱ्यात पंच्याण्णव टक्के दिसत होते.

"अगं, संपलीच बघ," केयूर म्हणाला, आणि त्यानं स्वतःच्या हातानं लॅपटॉप बंद केला.