वाकायचं कुणापुढे

“सर, जरा पुढे वाका, म्हणजे सेगवे चालेल,” जावई म्हणाला.

“याच्यापुढे वाकू?” नाना बायकोवर गुरगुरले. पणजी शहर दाखवते म्हणून तिनंच त्यांना आणलं होतं, आणि गाइड निघाला अँजेलो, लेकीनं त्यांना न विचारता केलेला नवरा.

“अहो, यंत्रापुढे वाका, त्याच्यापुढे नको,” ती म्हणाली.

नाना ताठच राहिले. उभ्यानं चालवायचं दोन चाकांचं ते यंत्रही जागचं हललं नाही.

“भीती वाटत असेल तर उतरा,” जावई हसला.

“भीती? तुझी?” ओरडताना नाना पुढे झुकले, आणि सेगवे त्यांना घेऊन थेट जावयाच्या अंगावर धावला. अँजेलोनं त्यांचे दोन्ही दंड पकडले.

“हात काढ.”

त्यानं एक काढला. नाना डगमगले.

“दुसरा राहू दे,” ते दातओठ खात म्हणाले.