बायजाचा प्रश्न

"हे औषध वेळेत मिळालं, तर घोणस चावलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो," प्राध्यापक टिपणीस म्हणाले आणि त्यांनी बोटाएवढी काचेची बाटली उंच धरली.

मागे दाराशी बसलेली बायजा एकदम ताठ झाली.

शाळेची खोली भरली होती. रोह्यापासून आत, डोंगराच्या अंगाला असलेल्या या गावात विद्यापीठाचा माणूस पहिल्यांदाच आला होता. बहिःशाल व्याख्यान. खर्च सगळा विद्यापीठाचा, गावानं फक्त चहा पाजायचा. विषय होता 'शेतकऱ्याचा मित्र साप'. अध्यक्षाच्या खुर्चीत बायजाचा सासरा महिपती बसला होता. सरांना हार त्यानंच घातला होता. उंदीर, धामण, भाताची नासाडी, इथवर तो मान डोलवत होता. बाटली निघाली तसा तो खिडकीबाहेर बघू लागला.

आणीबाणी उठली त्या वर्षी, भातकापणीत, बायजाच्या नवऱ्याला घोणस चावली. सकाळची वेळ. विठू आपल्या पायांनी घरी आला आणि अंगणात कोसळला. बायजा विटाळशी, म्हणून गोठ्यापाशी वेगळी बसली होती. ती धावली. त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि दवाखान्यात न्या, दवाखान्यात न्या, म्हणून ओरडत राहिली. दुपार कलल्यावर भगत आला. पेणकडचा, नावाजलेला. त्यानं धूप जाळला, मंत्र म्हटला. दिवस मावळताना विठूचा श्वास थांबला, तेव्हा भगत हात झटकून उभा राहिला.

"विटाळशीचा हात लागला," तो म्हणाला. "मंत्र फुटला."

मंत्र फुटला आणि खापर बायजावर फुटलं. सासू ठमाबाई त्या दिवसापासून तिच्या हातचं पाणी प्यायली नाही. "माझा पोर हिनं खाल्ला," असं ती पाणवठ्यावर, लग्नाच्या मांडवात, कुठंही सांगायची. बायका बायजाच्या मांडीवर आपलं मूल देत नसत. बायजा कधी उलटून बोलली नाही, कारण तिलाही ते खरं वाटत होतं. भाकरी थापता थापता तिची नजर आपल्याच हातांवर जायची आणि भाकरी करपायची.

"कोणाला काही विचारायचंय?" सरांनी विचारलं.

बायजा उभी राहिली. सासऱ्यासमोर, गावच्या पुरुषांसमोर ती आजवर कधी बोलली नव्हती.

"सर, ते अवशीद हितं कुठं मिळतं?"

"रोह्याला. सरकारी दवाखान्यात."

"सात वर्सांमागं व्हतं?"

"होतं की. त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे."

"मंग... माणसाला विटाळशी बाय शिवली आसंल, तरी ते चालतं?"

सर हसले. पुढचे चारदोन पुरुषही हसले. "अहो बाई, औषधाला काय कळतंय कोण शिवलं ते? रक्तात गेलं की ते आपलं काम करतं."

बायकांत कोणीच हसलं नाही. सरांचं हसू अर्ध्यावर विरलं. आपण कशाला हसलो, हे त्यांना कळेना.

बायजा माणसांमधून वाट काढत पुढे आली. तिनं दोन्ही हात सासऱ्याच्या तोंडासमोर धरले.

"बगा हे हात. नीट बगा. सात वर्सं मी ह्या हातांची लाज धरली. सात वर्सं तुमी गावाला सांगितलंत, हिनं नवरा मारला म्हणून. मी काय वरडत व्हते तवा? सांगा की ह्या सरांना, मी काय वरडत व्हते!"

"खाली बस," महिपती गुरगुरला. "पाव्हण्यांसमोर तमाशा नको."

"तमाशा रोजचाच हाय. आज पाव्हण्यांनी बगितला, येवढंच."

महिपती उठला. सरांकडे वळून त्यानं आवाज मऊ केला. "मनावर घेऊ नका, सर. नवरा गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाय हिचं. तवा गावाला सोय कसली? रस्ता ह्यो असा. गाडी नाय, काय नाय. रोह्याला न्यायचा कसा? माझाच पोर व्हता तो. मला काय नको झाला व्हता?"

कोणी मान हलवली. कोणी नजर चुकवली. त्या दिवशी विठूच्या चेहऱ्यापलीकडे बायजाला काही दिसलंच नव्हतं. अंगणाबाहेर कोण आलं, कोण गेलं, तिला ठाऊक नव्हतं. तिचे हात खाली आले.

तेवढ्यात बायकांतून ठमाबाई उठली. आता ही सुनेच्या झिंज्या धरणार, असंच सगळ्यांना वाटलं. म्हातारी पुढे आली. बायजाच्या शेजारी उभी राहिली आणि नवऱ्याकडे तोंड केलं.

"गाडी नव्हती?" ती म्हणाली. "मंग भगताला आणाया पेणला जीप गेली ती कोणची? रोह्याच्या दवाखान्याच्या दारावरनं गेली, नि दारावरनंच परत आली."