गाळाची फळी

मशीनच्या जबड्यांनी फळीचा तुकडा दोन्ही बाजूंना ओढला आणि फाटलं ते लाकूड. डिंक जागचा हलला नाही.

डिंकताईने दोन्ही अर्धे खिडकीपाशी नेऊन निरखून पाहिले. पाण्यात भिजत ठेवलेला दुसरा तुकडाही फुगला नव्हता. फळ्यांच्या कारखान्यात ती डिंकाची तपासनीस होती, म्हणून सगळे तिला डिंकताई म्हणत. ही फळी मात्र नेहमीच्या, डोळ्यांना झोंबणाऱ्या डिंकाची नव्हती. कागदाच्या मिलमध्ये कागद झाल्यावर जो काळपट गाळ उरतो आणि जो मिलवाले वस्तीबाहेर नेऊन ओततात, त्या गाळाचा डिंक करून तिने लाकडाचा भुसा बांधला होता.

मॅनेजर आले. त्यांनी तुकडा उलटासुलटा केला, टेबलावर आपटून पाहिला आणि मान डोलावली. हेच मॅनेजर मागच्या हिवाळ्यात सगळ्यांदेखत म्हणाले होते, की गटारातल्या घाणीचं कपाट केलं तर कपड्यांआधी नाकाला घडी घालावी लागेल. सगळे खो खो हसले होते. तीही हसली होती. त्या दिवशी तिच्या टेबलावर एक फळी पास होऊन पडलेली होती. काठावर पास, पाण्यात थोडी फुगलेली, पण नियमात बसणारी. हसणं ओसरल्यावर मॅनेजरनी विचारलं होतं, की मग काय, घ्यायचा का गाळ? ती म्हणाली होती, अजून कच्ची आहे. जिच्यावर कुणाची हसायची छाती होणार नाही, अशी फळी तिला करून दाखवायची होती.

आज कुणी हसलं नाही. मॅनेजर म्हणाले, की आता रोज एक ट्रक गाळ लागेल, मिलवाल्यांशी बोलून घ्या.

बोलायला घरचाच माणूस होता. तिचा धाकटा भाऊ त्या मिलमध्ये गाळ पिळायच्या यंत्रावर कामाला होता. तिला लागणारा गाळ तोच पिंपात भरून आणून द्यायचा. त्याचं पिंप फाटकातून आत आलं, की हमाल म्हणायचे, आला बघा ताईंचा माहेरचा आहेर.

दुपारी तो आला, कुणाच्या तरी टेम्पोतून. गमबूट मातीने माखले होते. डिंकताईने फाटलेला तुकडा त्याच्या हातात ठेवला. त्याने त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"जमलं गं, ताई," तो म्हणाला आणि एका पालथ्या पिंपावर बसला.

तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. रोज एक ट्रक. आता तुमच्या मिलला गाळ टाकायला जागा शोधत फिरायला नको. आता तुला यंत्रावरून वर घेतील. तो ऐकत राहिला. पाणी मागून प्यायला. मग, कुणी आजारी असल्याचं सांगावं तसं, हळूच म्हणाला, की मिल बंद झालीय. उन्हाळा लागतानाच. गाळाची जागा काठोकाठ भरली, नवी कुणी देईना. यंत्रंसुद्धा विकून झाली. तो आता एका गोदामात माल उतरवतो. गाळ तो जुन्या ढिगातून खणून आणत होता, राखणदार ओळखीचा होता म्हणून. तिचं काम मध्येच अडू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

"पण वाया नाही जाणार तुझं काम," तो घाईघाईने म्हणाला. इतर मिल आहेत, त्यांचाही असाच गाळ निघतो, तो घ्या, असं त्याने तिला समजावलं.

मला का नाही सांगितलंस, असं तिने विचारलं.

त्याने सांगितलं. हिवाळ्यात मिलच्या मालकांनी त्याला बोलावून घेतलं होतं. फळीवाले गाळ उचलणार असतील तर मिल तगेल, तुझ्या बहिणीचा तेवढा होकार आण, असं म्हणाले होते. त्या संध्याकाळी तो तिच्या घरी आला होता. डिंकताईला आठवलं. मॅनेजरच्या विनोदाला आठवडाही झाला नव्हता. ती भांडी घासत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला होता, फळी कुठवर आली? तिने मान न वळवता म्हटलं होतं, कच्ची आहे अजून, मागे लागू नकोस. तो बरं म्हणाला होता, भाच्यांशी पत्त्यांचा एक डाव खेळला होता आणि जेवून गेला होता.

"मालक म्हणाले, जरा गळ घाल, बहीणच आहे ना तुझी," धाकटा म्हणाला. "मी म्हटलं, ते नाही जमायचं. माझ्या पोटापायी तिने कच्च्याला पक्कं म्हणायचं, आणि उद्या कुणाच्या घरात कपाट कोसळायचं? तुझ्या भावजयीने बरंच ऐकवलं मला. पण माझं मन मला खात नाही. तू नाही म्हणालीस म्हणजे नाहीच."

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. धाकटा उठला. तुकडा टेबलावर ठेवता ठेवता थबकला.

"कच्चीच होती ना गं ती?"

डिंकताईने त्याच्याकडे पाहिलं.

"हो रे," ती म्हणाली. "कच्चीच होती."