चेहऱ्यांखालची नावे

मोर्चात शाळेची कोणती मुले होती, हे फौजदारांनी तिसऱ्यांदा विचारले. चित्रकलेच्या बोल्ली मास्तरांनी एकही नाव ओठांवर येऊ दिले नाही. सोलापुरात लष्करी कायदा लागून आठवडा झाला होता आणि सुट्टीतल्या रिकाम्या शाळेवर ऊन पहाऱ्यासारखे उभे होते. मास्तर पुन्हा कामात बुडाले. शाळेच्या पंचविसाव्या वर्षाचे, मॅट्रिकच्या वर्गाचे छायाचित्र, आणि प्रत्येक चेहऱ्याखाली त्याचे नाव. जुन्या तसबिरींतली मुले भिंतीवर निनावी होऊन राहिली होती. ही तशी राहू नयेत, एवढाच त्यांचा ध्यास.

पाठीमागे उभे राहून फौजदार पाहत होते. "अक्षर म्हंजे मोतीच की हो, मास्तर! साहेबास्नी दावतो, नेऊ का?"

वीस वर्षांत त्यांचे अक्षर कोणी वाखाणले नव्हते. मास्तरांनी स्वतःच तसबीर उचलून दिली.

"जपून धरा हं. शेवटचं नाव अजून ओलं आहे."

"वाळंल की वाटंत." फौजदारांनी शाईवर हळूच फुंकर घातली. "मोर्चाचा फोटू साहेबांकडं हायच. तोंडं समदी दिसत्यात, निस्ती नावंच नव्हती."