आधी फांद्या

झाडं तोडणाऱ्या बापाने सर्जनचा गळा धरला आणि त्याला भिंतीवर आपटलं. चष्मा उडाला आणि बापाच्याच बुटाखाली चिरडला गेला.

"तीन महिने झाले! नुसतं विष भरताय पोरीच्या अंगात. केस गेले, हाडांचा सापळा झाला. गाठ कापणार कधी?"

"आत्ता कापली तर... टेबलावरच जाईल," सर्जनला एवढंच बोलता आलं.

एकोणीस वर्षांच्या पोरीच्या यकृतातली ती गाठ लाखात एखाद्याला होणारी. मोठ्या शिरेला चिकटून बसलेली. औषधाने ती आक्रसत होती, शिरेपासून सुटत होती. अजून दोन डोस बाकी होते. सर्जनने हे चारदा समजावलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी. बापाने अंगठा आणखी रुतवला. दारावरचा रखवालदार मागून लोंबकळला, तर बापाच्या कोपराच्या एका फटक्यात त्याचा ओठ फुटला.

"आज कापा, नाहीतर उचलून घरी नेतो तिला!"

पोरगी खाटेवरून उतरली. सलाईनचा स्टँड फरफटत आली आणि होतं नव्हतं ते बळ एकवटून तिने बापाच्या थोबाडीत दिली.

"घरावर कललेलं झाड तुम्ही थेट बुंध्यातून तोडता का, बाबा?"

बापाने अंगठा तसाच रुतवून ठेवला.

"बोला ना!"

"आधी फांद्या," तो पुटपुटला. "मग दोर. मग बुंधा. नाहीतर घरच बसतं खाली."

"आणि मागे एका घराचा मालक रोज येऊन घाई करायचा, त्याचं काय केलंत?"

"दोन दात पाडले."

गळ्यावरचा हात सुटला. सर्जन खोकत खाली बसला. तेवढ्यात बापाला फरशीवर ठिबकणारं रक्त दिसलं. मारण्याच्या झटक्यात पोरीच्या हातातली सुई उपसली गेली होती, आणि त्या औषधांनी तिचं रक्त लवकर थांबत नसे. मघाचा वाघ पांढराफटक पडला.

सर्जन गुडघ्यांवर सरकत आला. त्याने बापाचा तोच अंगठा धरला आणि पोरीच्या हातावर टेकवला.

"दाबून ठेवा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

किती वेळ, हे बापाने विचारलं नाही.