बाळाचा पासपोर्ट

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं बाळाचा पासपोर्ट मृणालकडे परत सरकवला. "तुम्ही दोघं भारतात जाऊ शकता. बाळ अमेरिकन नागरिक आहे, आणि महामारीमुळे परदेशी नागरिकांचे व्हिसा सध्या बंद आहेत."

"अहो, तान्हं आहे ते! अजून अंगावर पितंय."

मृणालच्या नवऱ्याची, हर्षदची, इथली अमेरिकेतली नोकरी गेली होती. व्हिसाची मुदत वाढवून मागितली होती, त्याचं उत्तर आलं नव्हतं. आणि तिकडे गडहिंग्लजच्या दवाखान्यात मृणालचे वडील ऑक्सिजनवर होते. नातवाला एकदा बघायचंय, एवढंच म्हणत होते.

"तू जा, मी सांभाळतो याला," हर्षद म्हणाला. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. मृणालनं त्याला छातीशी घेतलं आणि ती रांगेतून बाहेर आली.

तिनं वडिलांना फोन लावला, पण खरं सांगायला जीभ रेटेना.

"आण्णा, विमान लांबलंय. उद्या निघतो आम्ही."

पलीकडे आण्णांनी मास्कमधून एक लांब श्वास ओढला.

"बरं," आण्णा म्हणाले. "मग उद्यापर्यंत दम काढतो."

त्यांनी तो काढलाही. दुसऱ्या दिवशी मृणालनं पुन्हा 'उद्या'च सांगितलं.